फोन हाताला विचारून घ्या

मोबाइलच्या दुकानात जाऊन ‘लहान पण भारी फोन दाखवा’ असं सांगून बघा. बहुतेक वेळा समोर 6.7 इंचांचा फोन येतो आणि सोबत एक वाक्य येतं, ‘आता असेच येतात.’ दुकानदाराचं फार चुकत नाही. एकेकाळी मोठा स्क्रीन म्हणजे महाग फोन असायचा. आज पंधरा हजारांचा फोनही साडेसहा इंचांच्या पुढे असतो. चांगला कॅमेरा आणि वेगवान प्रोसेसर असलेला लहान अँड्रॉइड फोन हवा असेल, तर मात्र बरेच जास्त पैसे मोजावे लागतात.

एवढे पैसे घालायचे, तर असे फोन रोज वापरणाऱ्यांना काय सुख मिळतं आणि काय सोसावं लागतं, ते आधी समजून घेतलेलं बरं.

लहान म्हणजे किती लहान?

सोनीने 2014 मध्ये एक्सपीरिया झेड-3 कॉम्पॅक्ट आणला. स्क्रीन 4.6 इंच, वजन 129 ग्रॅम आणि आत मोठ्या झेड-3 मधलाच प्रोसेसर. त्या मापाचा दमदार फोन आता शोधूनही सापडत नाही. असूसचा 5.9 इंचांचा झेनफोन 10 हा 2023 मध्ये आला. पुढच्याच वर्षी त्याच नावाचा पुढचा फोन 6.78 इंचांचा झाला!

आजचा ‘कॉम्पॅक्ट’ म्हणजे साधारण 6.1 ते 6.3 इंचांचा फोन. इंचांचे हे आकडे मात्र फसवे असतात. स्क्रीन कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरपी मोजतात, हाताला जाणवते ती रुंदी आणि वजन. सॅमसंगचे 2023 मधले दोन फोन बघा. गॅलेक्सी एस-23 ची रुंदी 70.9 मिलिमीटर आणि वजन 168 ग्रॅम. त्याच मालिकेतल्या एस-23 अल्ट्राची रुंदी 78.1 मिलिमीटर आणि वजन 234 ग्रॅम. म्हणजे सात मिलिमीटर आणि 66 ग्रॅमचा फरक. कागदावर तो किरकोळ वाटतो, पण अर्धा तास फोन हातात धरला की करंगळीच सांगते.

वापरणारे खूश कशावर?

लहान फोन घेतलेल्यांशी बोललं की पहिला आठवडा सगळ्यांचा सारखाच असतो. ‘स्क्रीन फारच लहान घेतला की काय?’ ही धाकधूक. दुसऱ्या आठवड्यात जुना फोन हातात घेतला की तो पाटीसारखा वाटतो.

खरी सोय दिसते ती दुसरा हात गुंतलेला असतो तेव्हा. लोकलमध्ये किंवा मेट्रोत वरची कडी धरलेली असते. मांडीवर बाळ झोपलेलं असतं. एका हातात भाजीची पिशवी असते आणि दुसऱ्या हाताने यूपीआयने पैसे द्यायचे असतात. अशा वेळी अंगठा स्क्रीनच्या वरच्या टोकापर्यंत पोहोचतो की नाही, यावर सगळं ठरतं. मोठ्या फोनवर तिथे पोहोचायला पकड बदलावी लागते आणि नेमका तेव्हाच फोन हातातून निसटतो.

मुलींसाठी आणखी एक मुद्दा आहे, खिशाचा. आपल्या कुर्त्यांना आणि जीन्सना खिसे असलेच तर नावापुरते. त्यात बसणारा फोन मिळाला की ‘माझा फोन कुठे ठेवला?’ हा घरातला रोजचा प्रश्न निम्मा होतो.

आणि कुरकुर कशाची?

पहिली कुरकुर बॅटरीची. फोन लहान म्हणजे आत जागा कमी, म्हणून बॅटरी लहान. एस-23 मध्ये 3900 एमएएच, अल्ट्रामध्ये 5000. घर आणि ऑफिस एवढीच धाव असेल तर दिवस निघतो. पण ज्या दिवशी मॅप लावून गाडी चालवायची असते, हॉटस्पॉट द्यायचा असतो किंवा लग्नात दिवसभर व्हिडिओ काढायचे असतात, त्या दिवशी संध्याकाळच्या आत चार्जर शोधावा लागतो.

अलीकडे या बाबतीत चित्र बदलतंय. सिलिकॉन-कार्बन प्रकारच्या बॅटरीत तेवढ्याच जागेत जास्त ऊर्जा मावते. म्हणूनच 2025 मध्ये भारतात आलेल्या 6.32 इंचांच्या वनप्लस 13-एस मध्ये 5850 एमएएच, तर विवो एक्स-200 एफई मध्ये 6500 एमएएच बॅटरी बसली. दोन्हींचं वजन मात्र 185 ग्रॅमच्या आसपास आहे. फोन लहान आहे म्हणून तो हलका असेलच असं नाही.

दुसरी कुरकुर गरम होण्याची. प्रोसेसर दमदार आणि उष्णता पसरायला अंग लहान. मे महिन्याच्या दुपारी उन्हात व्हिडिओ काढताना फोन तापतो, मग स्वतःला सांभाळायला तो वेग आणि उजेड दोन्ही कमी करतो.

तिसरी कॅमेऱ्याची. लांबचं जवळ आणणाऱ्या लेन्सला जागा लागते. एस-23 मध्ये तिप्पट झूमची लेन्स आहे, अल्ट्रामध्ये दहापट. वनप्लस 13-एस मध्ये मागे दोनच कॅमेरे आहेत आणि मोठा ग्रुप एका फोटोत बसवणारी अल्ट्रावाइड लेन्स नाही. शाळेच्या गॅदरिंगमध्ये मागच्या रांगेतून लेकीचा नाच टिपायचा असेल किंवा अख्खं कुटुंब एका फोटोत घ्यायचं असेल, तर हे फरक जाणवतात.

मराठी टाइप करणाऱ्यांसाठी

हा मुद्दा इंग्रजी रिव्ह्यूमध्ये सहसा येत नाही. देवनागरी कीबोर्डवर अक्षरं जास्त, म्हणून बटणं लहान. अरुंद स्क्रीनवर ती आणखी दाटीने बसतात आणि बोट भलत्याच अक्षरावर पडतं. यावर उपाय आहेत. जीबोर्डमध्ये ‘मराठी (एबीसी)’ हा पर्याय निवडला की इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठीत उमटतं आणि बटणं मोजकीच राहतात. माइक दाबून बोललं तरी काम होतं. पण कोणाला अक्षर अक्षर टाइप करायची सवय असेल, तर आधी त्यांच्याकडून टाइप करून घ्या.

आई-बाबांसाठी घेताय?

इथे मात्र थांबा. माझी आई फोन डाव्या तळहातावर ठेवते आणि उजव्या हाताच्या तर्जनीने टाइप करते. एका हाताने फोन वापरता येतो, ही सोय तिच्या कामाचीच नाही. तिला हवीत मोठी अक्षरं. लहान फोनमध्येही सेटिंग्जमधून अक्षरं मोठी होतात, पण मग व्हॉट्सअ‍ॅपचा एक मेसेज वाचायला तीनदा वर सरकवावं लागतं. तिच्यासाठी मोठा फोनच बरा.

उलट, सांधे दुखत असतील किंवा हात थरथरत असेल, तर जड फोन नकोसा होतो. डोळ्यांना मोठा हवा आणि हाताला हलका! अशा वेळी दोन्ही प्रकारचे फोन त्यांच्या हातात देऊन बघा. मुलं हौसेने घरबसल्या महागडा फोन मागवतात, आई-बाबा कौतुक करतात आणि तो कपाटावर ठेवून जुनाच वापरतात. असं बऱ्याच घरांत होतं.

दुकानात पाच मिनिटं

- फोन एका हातात धरा. अंगठा समोरच्या वरच्या कोपऱ्यापर्यंत जातो का?
- कव्हर लावून बघा. दुकानातला नमुना बिनकव्हरचा असतो, कव्हरने रुंदी आणि वजन दोन्ही वाढतात.
- आपला पूर्ण पत्ता मराठीत टाइप करा.
- अक्षरं आपल्याला लागतात तेवढी मोठी करा आणि मग एखादी बातमी वाचा.
- रोजच्या खिशात किंवा पर्समध्ये फोन ठेवून बघा.
- अपडेट किती वर्षं मिळणार ते विचारा. गॅलेक्सी एस-24 पासून सॅमसंगने या मालिकेला सात वर्षांचा शब्द दिला आहे. जुनं मॉडेल सवलतीत घेताना त्यातली किती वर्षं उरली, तेही मोजा.

एखादं मॉडेल भारतात अधिकृतपणे विकलं जात नसेल आणि परदेशातल्या नातेवाइकांकडून मागवायचं असेल, तर वॉरंटी इथे चालते का आणि सुटे भाग मिळतात का, याची चौकशी आधीच करा.

रिव्ह्यू जरूर वाचा, व्हिडिओही बघा. पण हा फोन पुढची चार-पाच वर्षं दिवसातून शंभर वेळा तुमच्याच हातात येणार आहे. म्हणून पैसे देण्याआधी शेवटचं मत त्या हाताचं घ्या.