घाटातले मजूर, गटातले विद्यार्थी
लंडनच्या कंपनीचे भांडवल आणि खंडाळ्याच्या घाटातील मजुरांचे श्रम यांतून १८६३ साली बोरघाटाचा लोहमार्ग खुला झाला. थकलेल्या मजुरीपायी १८५९ मध्ये याच घाटात मजुरांचा दंगा उसळला होता.

आज व्यवस्थापनशास्त्राचे विद्यार्थी संगणकावरून दूरदेशीच्या विद्यार्थ्यांशी गट बांधतात. अमेरिकेत २०१० साली निघालेल्या ‘एक्स-कल्चर’ उपक्रमात असे गट खऱ्याखुऱ्या कंपन्यांच्या अडचणींवर उपाय सुचवतात. परक्यांशी जुळवून घेण्याचे हे शिक्षण मोलाचेच आहे. परंतु कंपनीच्या हाती योजना पडते, विद्यार्थ्याच्या हाती गुण! शिवाय न्यूयॉर्कला सायंकाळचे सहा वाजतात तेव्हा खंडाळ्यात पहाटेचे साडेतीन किंवा साडेचार, जागरण कोणाचे? योजना वापरल्यास मोबदला द्यावा, ही अट विद्यापीठांनी आधीच घातली पाहिजे.