दुकान उभे राहील, बाजाराचे काय?

भंडारा जिल्ह्यातील मोहाडी, आंधळगाव, पवनी या गावांचे नाव टसराच्या, म्हणजेच कोशाच्या, हातमाग कापडाशी जोडलेले आहे. ऐन व अर्जुन या झाडांवर जोपासलेल्या अळीच्या कोशांतून निघणारे हे सूत आणि तीन धोट्यांनी विणला जाणारा करवतीच्या दात्यांसारखा काठ हे आपल्या प्रदेशाचे वैभव आहे. करवतकाठी वस्त्राला भौगोलिक निर्देशांकही लाभला आहे. तथापि विणकराला आजही सर्वाधिक ग्रासणारा प्रश्न हाच की, ग्राहक गाठायचा कसा? तो पुण्यामुंबईत असतो, विणकर मागापाशी, आणि या दोघांमधील अंतरावरच मध्यस्थाचा संसार चालतो.

हे अंतर मिटविण्याचे नवे साधन आता हाताशी आले आहे. कोणत्या सोयी हव्यात हे साध्या वाक्यांत सांगितले की कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी साधने संगणकाची आज्ञावली स्वतःच लिहून देतात. २०२५ च्या फेब्रुवारीत आंद्रे कारपाथी या संगणकतज्ज्ञाने या पद्धतीला ‘वाइब कोडिंग’ असे नाव दिले. केवळ कोशाच्या वस्त्रांसाठी एखादी ऑनलाइन बाजारपेठ उभारावयाची तर पूर्वी कुशल तंत्रज्ञ व मोठे भांडवल लागे. आज महाविद्यालयातील दोन-चार उत्साही विद्यार्थी तिचा प्राथमिक आराखडा घरी बसून सिद्ध करू शकतील. या शक्यतेचे स्वागतच केले पाहिजे. मात्र दुकानाची भिंत स्वस्त झाली म्हणून बाजार स्वस्तात उभा राहतो, या भ्रमात कोणी राहू नये.

बाजार विश्वासावर चालतो. अस्सल रेशमाचा धागा जाळला तर जळलेल्या केसांसारखा वास येतो व त्याची राख बोटांनी चुरडता येते. कृत्रिम धागा वितळून त्याची कडक गोळी होते. ही परीक्षा छायाचित्रावरून होत नाही. केंद्रीय रेशीम मंडळाने २००४ साली ‘सिल्क मार्क’ सुरू केले ते याच कारणास्तव. कापड तपासणारा, मापे घेणारा, परत आलेली साडी स्वीकारणारा जबाबदार माणूस गावात नसेल, तर पडद्यावरील दुकान कितीही देखणे असले तरी ग्राहक दुसऱ्यांदा फिरकणार नाही.

दुसरी गोष्ट हातमागाच्या स्वभावाची. कारखान्याच्या मालाची मागणी वाढली की पुरवठा वाढविता येतो. हातमागावरील साडीला दिवसांमागून दिवस लागतात आणि प्रत्येक साडी एकेकच असते. एकच साडी दोघांना विकली जाऊ नये व मागणीनुसार विणावयाच्या साडीचा अवधी ग्राहकाला आधीच कळावा, ही व्यवस्था यंत्राला सांगावी लागते. ती सांगावयास विणकराचे काम समजले पाहिजे. यंत्र ते आपणहून ओळखील ही अपेक्षा व्यर्थ आहे.

यंत्र चुकतेही. जुलै २०२५ मध्ये ‘रेप्लिट’ या सेवेतील यंत्राने, बदल करू नयेत अशी सूचना असताना, एका अमेरिकन उद्योजकाच्या प्रकल्पातील चालू माहितीसाठा पुसून टाकला. कंपनीच्या प्रमुखांनी त्याबद्दल जाहीर क्षमा मागितली. उत्तरदायित्व मात्र यंत्रावर ढकलता येत नाही. आपल्याकडील २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनुसार तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो, तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी लागते आणि ती महिन्याभरात निकाली काढावी लागते. आज्ञावली यंत्राने लिहिली, ही सबब तेथे चालणार नाही.

मोठ्या कंपन्यांच्या बाजारपेठा असताना हा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. तेथे कोशाची साडी हजारो वस्त्रांच्या गर्दीत हरवते, दलाली द्यावी लागते, आणि ग्राहकाची ओळख विणकराकडे न राहता कंपनीकडे राहते. परंतु नवी बाजारपेठ उभारणारा तरुणही उद्या ग्राहकांची यादी स्वतःच्या मुठीत ठेवणार असेल, तर जुन्या मध्यस्थाच्या जागी नवा आला, एवढाच फरक पडेल. म्हणून या बाजारपेठेची मालकी, तिच्या किल्ल्या आणि नोंदी विणकरांच्या सहकारी संस्थेकडे असाव्यात. तरुणांनी तिचे वेतन घेऊन तंत्र सांभाळावे. सहकाराची परंपरा असलेल्या महाराष्ट्राला हे अशक्य वाटू नये.

जिल्ह्यातील महाविद्यालयांनी हे काम प्रकल्प म्हणून हाती घेण्यासारखे आहे. प्रारंभ दहा मागांपासून करावा. विद्यार्थ्यांनी आधी मागाजवळ बसून काम पाहावे, हिशेब ठेवू जाणणाऱ्यांनी वही आखून द्यावी आणि मग यंत्राला कामाला लावावे. हा क्रम उलटा झाला तर दुकान चार दिवसांत उभे राहील आणि चार महिन्यांत ओस पडेल. विणकर मात्र आहे तेथेच राहील.