‘सिस्टीममध्ये असंच दिसतंय’

रेशन दुकानात, तहसीलच्या खिडकीवर, बँकेच्या काउंटरवर, विमा कंपनीच्या फोनवर आज वाद मिटवणारं एकच वाक्य ऐकू येतं : सिस्टीममध्ये असंच दिसतंय. पूर्वी कारकुनाशी भांडता यायचं. वही उघडा म्हणता यायचं, खाडाखोडीवर बोट ठेवता यायचं, नाहीच जमलं तर साहेबाकडे जाता यायचं. आता साहेबही स्क्रीन आपल्याकडे वळवतो आणि खांदे उडवतो. या वाक्यामागे एक सिद्धान्त आहे, आणि तो अडाण्यांचा नाही. वकील, न्यायाधीश, व्यवस्थापक इतकंच काय, स्वतः सॉफ्टवेअर लिहिणारेही तो उराशी बाळगून असतात. संगणक चुकत नाही. चुकतो तो माणूस. हा सिद्धान्त खोटा आहे, हे दाखवणं फारसं अवघड नाही. अवघड आहे ते त्याची सोय मोडणं.

आधी पूर्वपक्ष नीट मांडू, कारण त्याची टर उडवणं सोपं आहे आणि म्हणूनच निरुपयोगी. जाणता माणूस ‘संगणक कधीच चुकत नाही’ असं उघड म्हणत नाही. तो म्हणतो : रोज कोट्यवधी व्यवहार यंत्रांवर होतात आणि बहुतेक सगळे नीट होतात. प्रत्येक खटल्यात, प्रत्येक तक्रारीत यंत्र त्या घटकेला धड चालत होतं हे सिद्ध करत बसलो तर कोर्टं चालायची नाहीत आणि कचेऱ्याही. तेव्हा यंत्र ठीक होतं असं गृहीत धरा. ज्याला शंका असेल त्याने पुरावा आणावा.

इंग्लंडने नेमकं हेच केलं. तिथल्या 1984 च्या पोलीस व फौजदारी पुरावा कायद्यात कलम 69 होतं. संगणकाची नोंद पुराव्यात आणायची तर तो संगणक नीट चालत होता हे आधी दाखवावं लागे. विधी आयोगाने 1997 मध्ये हे कलम जाचक ठरवलं आणि 1999 च्या कायद्याने ते रद्द झालं. मागे उरलं ते जुनं गृहीतक : यंत्र ठीकच होतं. त्याच 1999 साली ब्रिटिश पोस्टाने ‘होरायझन’ नावाची हिशेबाची प्रणाली आपल्या शाखांत बसवायला घेतली. ती बनवली होती आयसीएल कंपनीने, जी फुजित्सूची होती.

तिथली बरीचशी पोस्टं सरकारी नोकर चालवत नाहीत. गावातला दुकानदार कंत्राटावर पोस्ट चालवतो, त्याला सबपोस्टमास्टर म्हणतात. तिजोरीत तूट आली की कंत्राटाप्रमाणे ती त्याने भरायची. होरायझन आलं आणि वर्षानुवर्षं चोख हिशेब ठेवणाऱ्यांच्या तिजोऱ्यांत तूट दिसू लागली. हॅम्पशरमधल्या एका खेड्यातल्या जो हॅमिल्टन यांनी मदतकेंद्राच्या सूचनेबरहुकूम कळा दाबल्या आणि डोळ्यांदेखत तूट दुप्पट झाली. ब्रिडलिंग्टनच्या ली कॅसलटन यांनी मदतीसाठी पुन्हापुन्हा फोन केले. सुमारे 25 हजार पौंडांच्या तुटीसाठी पोस्टाने त्यांच्यावर दावा लावला, 2007 मध्ये ते हरले, आणि खर्चाचे 3 लाख 21 हजार पौंड अंगावर येऊन त्यांचं दिवाळं निघालं. भारतीय वंशाच्या सीमा मिश्रा यांना नोव्हेंबर 2010 मध्ये पंधरा महिन्यांची शिक्षा झाली तेव्हा त्या गरोदर होत्या. 1999 ते 2015 या काळात नऊशेहून जास्त माणसं दोषी ठरली, आणि त्यांतले बहुसंख्य खटले खुद्द पोस्टाने चालवले. फिर्यादी तेच, तपास त्यांचाच आणि पुरावा देणारं यंत्रही त्यांचंच.

आता पूर्वपक्षाचा दुसरा आधार पाहा : चूक असती तर सगळीकडे दिसली असती. मदतकेंद्राला फोन करणाऱ्या कित्येकांना सांगितलं गेलं की असा त्रास फक्त तुम्हालाच होतोय. प्रोग्रॅमिंगचा जरासा अनुभव असलेल्याला हे ऐकून हसू यायला हवं. सगळीकडे एकदम दिसणारी चूक पहिल्याच आठवड्यात सापडते आणि दुरुस्त होते. उरतात त्या नेमक्या क्वचित दिसणाऱ्या : नेटवर्क तुटलं आणि त्याच क्षणी कोणी बटण दाबलं तर, दोन प्रक्रिया एकाच वेळी एकाच नोंदीला भिडल्या तर. होरायझनमधला डॅलमेलिंग्टन दोष असाच. स्कॉटलंडमधल्या त्या शाखेत 8 हजार पौंडांची रक्कम जमा करताना स्क्रीन पुढे सरकेना. एंटर पुन्हा दाबलं की तीच रक्कम पुन्हा जमा. बघता बघता 24 हजारांची तूट कागदावर उभी राहिली. नोटा जागच्या हलल्या नव्हत्या. हजारो शाखांत ही प्रणाली नीट चालत होती, हे खरंच. पण ते या शाखेबद्दल काहीच सांगत नाही.

‘वापरणाऱ्याची चूक’ हा तिसरा आधार तर आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यातला परवलीचा शब्द आहे. त्यावर थेरॅक-25 ची आठवण करून द्यावीशी वाटते. कॅन्सरवर किरणोपचार करणारं हे यंत्र कॅनडातलं. 1985 ते 1987 दरम्यान अमेरिका-कॅनडात त्याने सहा रुग्णांना किरणांचा भयंकर जास्त मारा दिला, काही दगावले. असं होणं शक्यच नाही, असं उत्पादक सांगत राहिले. टेक्सासमधल्या टायलर गावच्या रुग्णालयात एक भौतिकशास्त्रज्ञ आणि यंत्र चालवणारी तंत्रज्ञ हट्टाला पेटले आणि तोच बिघाड स्वतः घडवून आणेपर्यंत कळा दाबत राहिले. काय निघालं? चूक दिसायची ती माहिती झपाट्याने भरून झपाट्याने दुरुस्त करणाऱ्याच्या हातून. नवख्याच्या हातून ती घडत नसे; सरावलेल्याच्या हातून घडे. शिवाय आधीच्या मॉडेलमध्ये असा घोटाळा झालाच तर यंत्र रोखणारी प्रत्यक्ष कुलपं होती. सॉफ्टवेअरवर भरवसा ठेवून नव्या मॉडेलमधून ती काढून टाकली होती. यात ‘वापरणाऱ्याची चूक’ कुठे बसवायची ते सिद्धान्तवाल्यांनी सांगावं.

आणि समजा, प्रोग्रॅममध्ये एकही दोष नाही. तरी काय? ऑस्ट्रेलियात ‘रोबोडेट’ म्हणून ओळखली गेलेली वसुली-योजना होती. माणसाचं वर्षाचं उत्पन्न घ्यायचं, पंधरवड्यांत समान वाटायचं आणि त्यावरून सरकारी मदत जास्त घेतली असं ठरवून वसुलीचं पत्र धाडायचं. हंगामी काम करणाऱ्याचं उत्पन्न असं समान नसतं, हे कोणत्याही ऊसतोड कामगाराला सांगावं लागणार नाही. यंत्राने सांगितलेलं बिनचूक केलं. सांगितलेलंच बेकायदा होतं. लाखो लोकांना अशी पत्रं गेली आणि 2023 मध्ये शाही आयोगाने या योजनेचे वाभाडे काढले.

होरायझनबद्दल आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती आमच्या व्यवसायाच्या वर्मी लागते. शाखेच्या हिशेबात सबपोस्टमास्टरखेरीज कोणालाही बाहेरून हात घालता येत नाही, असं पोस्ट वर्षानुवर्षं ठासून सांगत होतं. फुजित्सूत काम केलेल्या रिचर्ड रोल यांनी 2015 मध्ये बीबीसीवर उघड सांगितलं की घालता येतो, आणि आम्ही घालत होतो. 555 जणांच्या दाव्यात न्या. फ्रेझर यांनी डिसेंबर 2019 मध्ये निकाल दिला तेव्हा हे शाबीत झालं. होरायझनमध्ये दोष नाहीत हा पोस्टाचा पवित्रा म्हणजे एकविसाव्या शतकात पृथ्वी सपाट असल्याचं सांगण्यासारखं आहे, असं त्यांनी लिहिलं. फुजित्सूकडे ज्ञात दोषांची एक मोठी नोंदवही होती. ती वादींना द्यायला पोस्टाने खळखळ केली होती. म्हणजे ‘सिस्टीम ठीक आहे’ असं कोर्टात सांगितलं जात होतं, त्याच काळात एका इमारतीत इंजिनीयर बसून तीच सिस्टीम कुठे ठीक नाही याच्या नोंदी घेत होते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालू शकल्या, कारण नोंदी घेणाऱ्या बहुतेकांना कोर्टात काय चाललंय याच्याशी आपला संबंध वाटला नसावा.

हिंजवडीत किंवा ऐरोलीत रात्रपाळीला प्रॉडक्शन सपोर्ट करणाऱ्या कोणालाही हे वातावरण ओळखीचं वाटेल. तक्रार येते, तिकीट उघडतं. आपल्या मशीनवर तो दोष दिसत नाही, म्हणून ‘नॉट रिप्रोड्यूसिबल’ लिहून तिकीट बंद होतं. किंवा डेटाबेसमध्ये थेट एक ओळ दुरुस्त केली जाते आणि क्लायंटला कळवलं जातं की इश्यू रिझॉल्व्ह झाला. यात वाईट हेतू नसतो. मुदत असते, मोजमाप असतं, वरचा माणूस असतो. पण त्या बंद तिकिटाच्या पलीकडे साताऱ्याच्या एखाद्या पतसंस्थेतला रोखपाल किंवा लीड्सचा एखादा दुकानदार असू शकतो आणि त्याच्या नावावर पैसे दिसत असू शकतात. आमच्याकडचं इंजिनीयरिंगचं शिक्षण मुलांना बारा प्रकारच्या टेस्टिंगची नावं पाठ करायला लावतं. दोष लपवणं म्हणजे कोणाचा तरी बळी देणं, हे मात्र कुठल्याच सेमिस्टरला येत नाही.

आता आपल्या कायद्याकडे. आपण इंग्रजांचं सगळंच उचललं नाही, ही भाग्याची गोष्ट. आपल्या पुरावा कायद्यात 65-ब हे कलम होतं, ज्यात इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र लागे. ते अनिवार्य आहे यावर शेवटचं शिक्कामोर्तब झालं ते जालन्याच्या एका वादात. 2014 च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर यांचा उमेदवारी अर्ज वेळ टळून गेल्यावर घेतला गेला का, हा प्रश्न होता आणि पुरावा होता निवडणूक कार्यालयातल्या कॅमेऱ्याचं चित्रण. औरंगाबाद खंडपीठाने निवडणूक रद्द केली. जुलै 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवताना प्रमाणपत्राचा नियम पक्का केला. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 मध्ये तर प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत, एक पक्षकाराचा, एक तज्ज्ञाचा, आणि त्यात नोंदीची हॅश किंमतही लिहायची असते.

मग आपलं बरं चाललंय, असं म्हणणारे भेटतात. त्यांचा सगळा जोर हॅशवर असतो. हॅश म्हणजे फाइलवरून काढलेला एक लांबलचक आकडा; फाइलमधलं एक अक्षर बदललं तरी तो पार बदलतो. त्यामुळे जप्तीनंतर कोणी फेरफार केला नाही, हे त्यावरून पटतं. ही मोलाची गोष्ट आहे, नाकारू नये. पण ती सिद्ध काय करते? कोर्टापुढची प्रत आणि मूळ फाइल एकच आहेत, एवढंच. मूळ फाइलीत लिहिलेलं खरं आहे का, याबद्दल हॅश मुकी असते. डॅलमेलिंग्टनच्या त्या खोट्या 24 हजारांच्या नोंदीचीही हॅश काढली असती तर ती दरवेळी तंतोतंत जुळली असती. खोट्या जबाबाला लाखेचं सील लावलं म्हणून तो खरा होत नाही.

प्रमाणपत्रातलं दुसरं वाक्य त्याहून गंभीर आहे : त्या काळात संगणक नीट चालू होता, आणि मध्ये बंद पडला वा बिघडला असल्यास त्याचा नोंदीच्या अचूकतेवर परिणाम झालेला नाही. या वाक्याखाली सही कोण करतो? बँकेच्या नोंदीवर बहुधा शाखेतला अधिकारी. त्याला स्क्रीन दिसते, त्यामागचं सॉफ्टवेअर दिसत नाही. मागच्या तिमाहीत त्यात कोणते दोष सापडले, कोणते दुरुस्त झाले, बाहेरून कोणी कुठल्या ओळीला हात लावला, हे त्याला ठाऊक असायचं कारण नाही. तो बिचारा छापील नमुना भरतो. कायद्याने प्रश्न बरोबर विचारला, पण विचारला चुकीच्या माणसाला.

माझं म्हणणं साधं आहे. संगणकाची नोंद ही साक्ष आहे आणि प्रत्येक साक्षीदाराप्रमाणे तिची उलटतपासणी व्हायला हवी. जो पक्ष त्या नोंदीच्या जोरावर कोणाला चोर, बुडवा किंवा अपात्र ठरवू पाहतो, त्याने तीन गोष्टी मागण्याआधीच पुढे ठेवाव्यात : त्या काळातली ज्ञात दोषांची यादी, त्या आवृत्तीत झालेले बदल, आणि त्या नोंदीपर्यंत कोणाकोणाचा हात पोचत होता याचा लॉग. प्रमाणपत्राच्या तज्ज्ञाच्या भागात सही असावी ती या गोष्टी प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसाची. आणि न्यायालयात नसलेल्या माणसालाही, म्हणजे रेशनवरच्या आजीला किंवा कर्जमाफीच्या यादीत नाव न आलेल्या शेतकऱ्याला, ‘सिस्टीम तसं का म्हणते’ याचं लेखी उत्तर मागता आलं पाहिजे.

कोर्टं ठप्प होतील या आक्षेपात थोडं तथ्य आहे. चेक न वटल्याच्या प्रत्येक प्रकरणात कोणी लॉगचे गठ्ठे मागू लागला तर गोंधळ होईल. म्हणून नोंदीवर खरा वाद असेल तिथेच हे लागू करावं. पण ही सामग्री नव्याने तयार करावी लागते, हे खरं नाही. कोणत्याही बऱ्या कंपनीकडे तिकिटांची प्रणाली असते, बदलांचा इतिहास असतो, लॉग असतात. ते नसतील, तर तेवढ्यावरूनच त्या नोंदीची किंमत कळते. खर्चाचंच बोलायचं, तर ब्रिटनला भरपाईपोटी आज मोजावी लागणारी रक्कम आणि 2007 मध्ये ती नोंदवही कॅसलटन यांच्या हाती देण्याचा खर्च शेजारी ठेवून पाहावा. होरायझन प्रकरणाच्या चौकशी आयोगाच्या 2025 च्या अहवालाप्रमाणे भरपाईला पात्र माणसं दहा हजारांच्या घरात आहेत. किमान तेरा जणांनी या प्रकरणापायी जीव दिला असावा, असंही त्यात नोंदलं आहे.

आता तर कोड लिहायला भाषा-मॉडेलं आली आहेत. ‘हे मी लिहिलं’ म्हणणारा माणूसही हळूहळू विरळ होत जाईल, आणि प्रमाणपत्रावर सही करणारा आणखी अंधारात राहील. त्यामुळे ही मागणी पुढे ढकलण्यासारखी नाही.

शेवटचा आक्षेप आमच्याच बिरादरीतून येतो : दोषांची यादी ही कंपनीची गोपनीय माहिती आहे, क्लायंटबरोबरच्या करारात ती बाहेर देणं बसत नाही. ठीक आहे, बसत नसेल तर देऊ नका. पण मग त्या प्रणालीची नोंद फौजदारी कोर्टात हजर करण्याचा आणि तिच्या आधारे कोणाला कोठडीत पाठवा म्हणण्याचा अधिकारही त्याच करारात सोडून द्या, आणि हे कलम क्लायंटला विकताना ठळक अक्षरांत दाखवा.