अंजिराचे झाड आणि आमचा सात्त्विक संताप

गेल्या दिवाळीच्या तोंडावरची गोष्ट. एम.ए.च्या वर्गाला फादर स्टीफन्सचे १६१६ साली गोव्यात छापलेले ‘ख्रिस्तपुराण’ शिकवीत होतो. तास संपल्यावर एक विद्यार्थिनी म्हणाली, “सर, एका गालावर मारले तर दुसरा पुढे करा म्हणणारा येशू, फळ नाही म्हणून अंजिराच्या झाडाला शाप देतो! हंगामही नव्हता, असे मार्कच लिहितो. हा चमत्कार, की दुर्वासाचा राग?”

“उद्या सांगतो,” म्हणून मी आंजीची एसटी गाठली. प्राध्यापकाचे ‘उद्या’ म्हणजे काय, ते वाचकांस सांगायला नकोच!

घरी आलो, तो दारात सालदार उभा. ऐन कापूसवेचणीत दोन दिवस गैरहजर, आणि आता दिवाळीची उचल मागायला हजर! चारचौघांत मी त्याला वाटेल ते बोललो. तो खाली मान घालून निघून गेला. “याला सात्त्विक संताप म्हणतात,” मी हिला म्हटले. ती म्हणाली, “अहो, त्याची मुलगी तापाने फणफणलीय. तेच सांगत होता तो. तुम्ही बोलू कुठे दिलंत?”

रात्री मुकाट्याने शुभवर्तमाने काढून बसलो. मार्कमध्ये शाप आधी येतो आणि वाळलेले झाड दुसऱ्या दिवशी दिसते. मध्ये आहे मंदिराची हकिकत. सराफांची मेजे येशूने उलथली आणि कबुतरे विकणाऱ्यांची आसनेही. कबुतर हा गरिबाला परवडणारा बळी. त्यावरही बाजार मांडलेला. नुसत्या पानांनी डवरलेले झाड हे त्या गजबजलेल्या मंदिराचेच चित्र आहे. लूकने तर शाप दिलेलाच नाही; त्याच्या दृष्टांतातला माळी वांझ अंजिरासाठी आणखी एक वर्ष मागून घेतो.

मार्कच्याच तिसऱ्या अध्यायात वाळल्या हाताचा माणूस आहे. शब्बाथाला त्याला बरे करावे की नाही, यावर सारे गप्प. येशू त्यांच्याकडे रागाने पाहतो, त्यांच्या कठोर मनाने कष्टी होतो आणि हात बरा करतो. राग, दुःख आणि चमत्कार एकाच ठिकाणी! पुढे त्यालाच पकडायला लोक येतात, शिष्य एकाचा कान तोडतो. तेव्हा येशू, लूक सांगतो, तो कान बरा करतो. स्वतःवर बेतले, तिथे राग नाही.

आणि मी? माझा कापूस, माझी गैरसोय, माझा संताप!

सकाळी सालदाराच्या घरी गेलो. मुलीचा ताप उतरला होता. उचल दिली. माफी मागताना मात्र तासन्‌तास व्याख्याने देणारी जीभ अडखळली. तोच संकोचून म्हणाला, “बसा न गुरुजी, चहा घ्या.”

विद्यार्थिनीला हे सारे सांगितले, सालदाराचेसुद्धा. ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, “पण सर, त्या झाडाचा काय दोष?”

“उद्या सांगतो,” मी म्हटले.