पस्तिशीनंतर नर्सिंगचे दार बंद का?

ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात २४ तासांत १८ रुग्ण दगावले आणि ठाणे जिल्ह्यातील सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेवरचा ताण राज्यभर चर्चेत आला. कल्याणचे रुक्मिणीबाई किंवा डोंबिवलीचे शास्त्रीनगर रुग्णालय असो, तिथल्या अत्यवस्थ रुग्णांनाही अनेकदा कळव्याला नाहीतर मुंबईला धाडले जाते. अशा प्रत्येक घटनेनंतर खाटा, डॉक्टर, यंत्रे यांची चर्चा होते. रात्रभर वॉर्डात जागणाऱ्या नर्सचा विषय मात्र शेवटी येतो, किंवा येतच नाही.

नर्सच्या संख्येचा आणि शिक्षणाचा रुग्णाच्या जिवाशी थेट संबंध आहे. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१४ मध्ये युरोपातील नऊ देशांच्या ३०० रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रिया झालेल्या चार लाखांहून अधिक रुग्णांच्या नोंदी त्यात तपासल्या होत्या. एका नर्सवर एका रुग्णाचा भार वाढला की महिन्याभरात रुग्ण दगावण्याची शक्यता सात टक्क्यांनी वाढते आणि पदवीधर नर्सचे प्रमाण दहा टक्क्यांनी वाढले की ती सात टक्क्यांनी घटते, असे त्यात दिसून आले. याचे कारण समजायला सोपे आहे. रुग्णाचा श्वास बदलला, लघवी कमी झाली, तो असंबद्ध बोलू लागला, हे आधी नर्सला दिसते. तिच्याकडे तीस रुग्ण असतील, तर ते कोणालाच दिसत नाही. आपल्याकडे अध्यापन रुग्णालयाच्या सर्वसाधारण वॉर्डात तीन रुग्णांमागे एक आणि इतर रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक नर्स असावी, असा भारतीय परिचर्या परिषदेचा निकष आहे. सरकारी वॉर्डात एक फेरी मारली, तरी तो किती पाळला जातो ते कळते.

मग नर्स आणायच्या कुठून? ठाणे-कल्याण पट्ट्यात एक मोठा वर्ग असा आहे, ज्याचा विचार कोणी करत नाही. बारावी किंवा पदवी झाली, लग्न झाले, मुले झाली. आता मुले शाळेत रुळली आहेत आणि घरातल्या आजारपणात रुग्णसेवेचा अनुभवही गाठीशी आला आहे. अशा तिशी-पस्तिशीच्या स्त्रिया विचारतात, ‘आता नर्सिंगला जाता येईल का?’

नियम काय सांगतो ते पाहू. चार वर्षांच्या बी.एस्सी. नर्सिंगसाठी वयाची कमाल मर्यादा ३५ आहे. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र यांत मिळून ४५ टक्के गुण हवेत, इंग्रजीत उत्तीर्ण असायला हवे आणि राज्याची सीईटीही द्यावी लागते. म्हणजे कला-वाणिज्यवाल्यांना आधी विज्ञानाची बारावी करावी लागेल. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची विज्ञान शाखेची बारावी त्यासाठी चालते. प्रवेश मिळाला तरी परीक्षेला बसण्यासाठी ८० टक्के हजेरी लागते आणि पदवी हाती येण्यापूर्वी प्रात्यक्षिकांची हजेरी शंभर टक्के भरावी लागते. मूल आजारी पडले म्हणून बुडालेली पाळी पुन्हा भरून द्यावीच लागते.

याहून मोठी विसंगती पुढे आहे. पस्तिसाव्या वर्षी प्रवेश घेतलेली स्त्री एकोणचाळिसाव्या वर्षी पदवीधर होते. राज्य सरकारी नोकरीत खुल्या प्रवर्गासाठी वयोमर्यादा सर्वसाधारणपणे ३८ आहे. म्हणजे एका नियमाने शिकायला परवानगी दिली आणि दुसऱ्याने नोकरीचे दार लावून घेतले!

कला-वाणिज्यवाल्यांसाठी वेगळी वाट आहे. तीन वर्षांचा जीएनएम आणि दोन वर्षांचा एएनएम हे अभ्यासक्रम कोणत्याही शाखेतून बारावी झालेल्यांना खुले आहेत. जीएनएमसाठी ४० टक्के गुण हवेत. वयोमर्यादा इथेही ३५च, पण एएनएम झालेल्यांना जीएनएमसाठी ही अट नाही. जीएनएमनंतर दोन वर्षांचा पोस्ट बेसिक बी.एस्सी. करून पदवी मिळते. एएनएमपासून धरले तर ही सात वर्षांची वाट आहे. मात्र मधल्या प्रत्येक टप्प्यावर नोंदणी आणि नोकरी शक्य असते.

इथेच एक सावधगिरी हवी. ‘सहा महिन्यांत नर्सिंग, नोकरीची हमी’ अशा पाट्यांना अनेकजणी भुलतात. फी भरण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा : हा अभ्यासक्रम केल्यावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी मिळेल का? उत्तर ‘नाही’ किंवा गोलमोल असेल, तर मिळणारे काम मदतनिसाचे असते, नर्सचे नव्हे. पगारातला फरक जन्मभर राहतो.

पगाराचेही सांगायला हवे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६च्या आदेशानंतर नेमलेल्या केंद्रीय समितीने लहान खासगी रुग्णालयांतही नर्सला किमान २० हजार रुपये मिळावेत आणि दोनशेहून अधिक खाटांच्या रुग्णालयांनी सरकारी नर्सइतका पगार द्यावा, अशी शिफारस केली. ती अमलात आणणे राज्यांवर सोपवले गेले. कर्ज काढून चार वर्षे शिकण्याचा निर्णय घेताना घराने हा हिशेबही मांडायला हवा.

वयाच्या अटीमागे युक्तिवाद आहे : काम अंगमेहनतीचे, रात्रपाळ्यांचे आहे. पण त्यासाठी वैद्यकीय तपासणी पुरेशी आहे. ब्रिटनमध्ये नर्सिंगच्या प्रवेशाला कमाल वय नाही. अमेरिकेत दुसऱ्या विषयातील पदवीधरांसाठी साधारण दीड वर्षाचे वेगवान अभ्यासक्रम आहेत. आणि आपल्याला ही कल्पना परकी तरी कुठे आहे? १९०९ मध्ये रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी पुण्यात सेवासदन उभे केले, ते प्रौढ स्त्रियांना, त्यातही विधवांना, पुन्हा शिकवण्यासाठीच. त्यांतल्या कित्येकजणी ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेऊन स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या.

दुसरीकडे, फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला; त्यात नर्सही आहेत. तरुण मुलींनी परदेशी जाण्यात गैर काही नाही. पण मग इथल्या वॉर्डांत कोण राहणार? जिचे घर, मुले, सासू-सासरे डोंबिवलीत आहेत, ती इथेच टिकण्याची शक्यता अधिक. अडतिसाव्या वर्षी शिकू लागलेली स्त्री बेचाळिसाव्या वर्षी कामाला लागली, तरी निवृत्तीपर्यंत सोळा वर्षे सेवा देईल.

ऑगस्ट २०२३ मध्ये संमत झालेल्या कायद्याने भारतीय परिचर्या परिषदेच्या जागी राष्ट्रीय परिचर्या आयोगाची तरतूद केली आहे. आयोगाचे नियम ठरताना ३५ वर्षांची अट काढण्याचा विचार व्हावा. राज्यानेही भरतीच्या वयात नर्सना सवलत द्यावी आणि नर्सिंग महाविद्यालयांना पाळणाघरे जोडावीत. तोवर ज्यांचे वय चौतीस आहे, त्यांनी पुढच्या वर्षाची वाट पाहू नये.