वांगे अडले, तेल मात्र सुटले

घाटकोपर-मुलुंडच्या मंडईत बीटी वांगे अधिकृतपणे कधी आलेच नाही. जालन्याच्या 'महिको'ने विकसित केलेल्या या वाणाला केंद्राच्या जनुकीय अभियांत्रिकी मान्यता समितीने ऑक्टोबर 2009 मध्ये हिरवा कंदील दाखवला होता. मात्र तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी सात शहरांत जनसुनावण्या घेतल्या आणि 9 फेब्रुवारी 2010 रोजी स्थगिती जाहीर केली. त्या सात शहरांत नागपूर होते. लक्षावधी ग्राहकांची मुंबई नव्हती.

जनुकीय बदल केलेल्या अन्नाविषयी सरकारी यंत्रणेचे मत एकसंध कधीच नव्हते. कृषी खात्याची नजर उत्पादनावर, पर्यावरण खात्याची जैवविविधतेवर. खुद्द मान्यता समितीतही सर्वोच्च न्यायालयाने नेमलेले शास्त्रज्ञ पुष्प भार्गव यांनी विरोध नोंदवला होता. ज्याचे जे काम, तीच त्याची भूमिका. खाणाऱ्याची बाजू मांडणे मात्र कोणाच्याच वाट्याला स्पष्टपणे आले नाही.

याची प्रचीती तेलात येते. मार्च 2002 मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली, तेव्हा चर्चा धाग्याची आणि बोंडअळीची झाली. पण कापसाबरोबर सरकी येते आणि सरकीचे तेल खाण्यात जाते. वांगे दारात अडवले गेले. तेल मागच्या दाराने स्वयंपाकघरात पोहोचले.

जनुकीय बदल केलेल्या अन्नाच्या वेष्टनावर तसा उल्लेख करण्याचा नियम 1 जानेवारी 2013 पासून लागू झाला. तरीही दिल्लीच्या 'सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट' या संस्थेने 2018 मध्ये तपासलेल्या 65 पदार्थांपैकी 21 मध्ये जनुकीय बदलाचे अंश सापडले आणि त्यांतील बहुतेकांवर तसा उल्लेख नव्हता. वेष्टनावरील वजन-किंमत पाहणारा वैधमापन निरीक्षक एका खात्याचा, तर नमुना प्रयोगशाळेत धाडणारा अन्नसुरक्षा अधिकारी दुसऱ्या खात्याचा. अशा रचनेत कर्मचारी अनुकूल आहे की प्रतिकूल, हा प्रश्नच गौण ठरतो. जबाबदारी विभागली की ती टाळणे सोपे होते.

जनुकीय मोहरीच्या खटल्यात जुलै 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींमध्ये मतभेद झाले. परंतु राष्ट्रीय धोरण हवे आणि आयात खाद्यतेलाच्या बाबतीत वेष्टनविषयक कायदा पाळला जावा, यावर दोघांचे एकमत होते. हे अन्न सुरक्षित की घातक, याचा वाद शास्त्रज्ञ चालवतील. अंधेरी-बोरिवलीच्या ग्राहकाची मागणी त्याहून साधी आहे: आपण काय खातो, हे त्याला पिशवीवर वाचता यावे.