एक रुपयाची खुर्ची

निवृत्तीनंतर मालवणातले जुने घर दुरुस्त करायला घेतले. कौले बदलून झाली, पडवीची जमीन झाली, रंग झाला आणि मग सौभाग्यवतींनी विचारले, की आता या घरात आल्यागेल्याने बसायचे कशावर? प्रश्न रास्त होता. कुडाळ-कणकवलीच्या दुकानांतून हिंडलो. तिथे सोफे होते, फिरत्या खुर्च्या होत्या, लाकडासारखा कागद चिकटवलेल्या लाकडाच्या भुशाच्या फळ्या होत्या. आम्हाला हवी होती पन्नास-साठच्या दशकातली, सागवानी किंवा शिसवी, वेताने विणलेल्या बैठकीची साधी खुर्ची. मुंबईच्या पुतण्याने सांगितले, ‘काका, अशा खुर्चीला आता विंटेज म्हणतात. जपून घ्या, महाग असते.’ माझा जन्म १९६०चा. म्हणजे या हिशेबाने मीही विंटेजच. पण माझा भाव काही वाढलेला दिसत नाही.

गंमत जाऊ दे. या शोधात वर्षभर फिरताना एक जुनी गोष्ट पुन्हा पुन्हा आठवत राहिली. ती सांगितल्याशिवाय पुढचे सांगणे बरोबर होणार नाही.

१९९६ साली मी या जिल्ह्यातल्याच एका शाखेचा व्यवस्थापक होतो. संगणक येऊ घातले होते आणि वरून पत्र आले, की जुने लाकडी फर्निचर निकाली काढावे. आमच्याकडे बावीस खुर्च्या होत्या, शाखा उघडली तेव्हाच्या. प्रत्येकीच्या पाठीवर पांढऱ्या ऑइल पेंटने डेड स्टॉक रजिस्टरमधला क्रमांक घातलेला. बँकेत फर्निचरची किंमत दरवर्षी ठराविक टक्क्यांनी उतरवत नेतात. हिशेब करून पाहा: वीस रुपयांची खुर्ची दरसाल १० टक्क्यांनी उतरवली, तर २९व्या वर्षी ती रुपयाच्या खाली जाते. मग वहीत नोंद जिवंत राहावी म्हणून तिची किंमत एक रुपया धरतात. आमच्या बावीस खुर्च्यांची वहीतली एकूण किंमत बावीस रुपये होती. बंद पाकिटात भाव मागवले, तीन पाकिटे आली, त्यातला मोठा आकडा भंगारवाल्याचा होता. तो वहीतल्या किमतीच्या कितीतरी पट होता, म्हणून शाखेचा फायदा झाला असे मी टिपणात लिहिले आणि सही केली. नियमाला धरून सगळे बिनचूक होते. त्याच खुर्च्यांसारखी एक खुर्ची आज मी शोधतो आहे.

माझ्या शाखेत जे बावीस खुर्च्यांचे झाले, तेच चंदिगडमध्ये हजारो खुर्च्यांचे झाले. फाळणीत लाहोर गेले आणि पंजाबला नवी राजधानी हवी झाली. ल कॉर्बुझिए या वास्तुविशारदाला बोलावणे गेले. त्याच्याबरोबर त्याचा चुलतभाऊ पिअर जानरे आला आणि १९५१पासून १९६५पर्यंत तिथेच राहिला. शहरातल्या कचेऱ्या, न्यायालय, विद्यापीठ, ग्रंथालये यांना लागणाऱ्या खुर्च्या-टेबलांचे आराखडे त्याने आणि त्याच्या भारतीय सहकाऱ्यांनी केले. सागवान, वेत आणि इंग्रजी व्ही अक्षर उलटे ठेवल्यासारखे पाय. एवढेच त्याचे सामान. घडवले पंजाबातल्या सुतारांनी. वापरले कारकुनांनी. चाळीसएक वर्षांनी वेत फाटले, पाय डुगडुगू लागले, तेव्हा खात्यांनी त्या गच्चीवर आणि जिन्याखाली रचून ठेवल्या आणि मग रीतसर लिलाव करून भंगाराच्या भावात काढून टाकल्या. घेणाऱ्यांत परदेशी व्यापारीही होते. त्यांनी त्या नेल्या, दुरुस्त केल्या, नीट छायाचित्रे काढून पुस्तकांत घातल्या. आज युरोप-अमेरिकेतल्या लिलावांत तसल्या एकेका खुर्चीला लाखो रुपये पडतात. आणि मला सर्वात बोचलेली गोष्ट पुढेच आहे. खात्याच्या कारकुनाने पाठीवर रंगवलेली ती अक्षरे आणि आकडे तिथे कुणी खरवडून काढत नाही. खुर्ची अस्सल असल्याचा पुरावा म्हणून त्यांचा मान राखतात. आमच्या शिपायाने बावीस खुर्च्यांवर क्रमांक घातले होते, ते भंगारवाल्याने बहुधा त्याच दिवशी पॉलिश कागदाने घासून टाकले असतील.

केंद्रीय गृहमंत्रालयाला जाग आली ती २०११ साली. चंदिगडच्या या वारशाच्या वस्तू विकू नयेत, लिलाव करू नये, असा आदेश निघाला. मोजणी झाली, तेव्हा बारा हजारांहून अधिक वस्तू शहरात अजून असल्याचे नोंदले गेले. पण जे रीतसर पावती करून गेले, ते परत मागायचे कुठल्या तोंडाने? परदेशातला लिलाव थांबवा म्हणून आपले अधिकारी सांगू गेले, की समोरचा आपलीच पावती दाखवतो.

कायद्याचाही इथे उपयोग नाही. आपला पुरावशेष कायदा १९७२चा. त्यात वस्तूला शंभर वर्षे झाली, तरच ती पुरावशेष. म्हणजे आजोबांच्या वडिलांची खुर्ची कायद्याला दिसते. आजोबांची दिसत नाही. ती नुसतेच जुने लाकूड. स्वातंत्र्यानंतर पहिल्या वीस वर्षांत आपल्या सुतारांनी जे घडवले, ते सगळे या फटीत पडले आहे. वहीत एक रुपया आणि कायद्यात शून्य. आणि नेमक्या याच वयाला बाजारात भाव चढू लागतो.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. कोकणात खुर्ची ही तशी परकी वस्तू. आपण पाटावर बसणार, घोंगडीवर बसणार, ओटीवरच्या झोपाळ्यावर बसणार. दशावतारात तर राजाचे सिंहासनही एक साधा बाक असतो आणि त्यावर बसलेला राजा रात्रभर राजाच वाटतो. खुर्ची आली ती कचेरीबरोबर आणि मुंबईबरोबर. बोट चालू होती त्या काळात चाकरमानी भाऊच्या धक्क्यावरून डेकवर खुर्ची टाकून ती मालवण बंदरात उतरवायचा आणि बैलगाडीने गावात न्यायचा. ती पाहून गावातला सुतार फणसाच्या लाकडात तिची बहीण घडवायचा. आमच्या भागात फणसाच्या खुर्च्या पुष्कळ आहेत. वयाने पिवळे लाकूड तांबूस होते आणि मग भलेभले तिला शिसवी समजतात.

पण खुर्ची सगळ्यांसाठी नव्हती, हेही सांगितले पाहिजे. ती डॉक्टरांसाठी, तलाठ्यासाठी, मुलगी बघायला येणाऱ्यांसाठी आणि घरच्या कर्त्या पुरुषासाठी. लांब हातांच्या आरामखुर्चीत आजोबा पाय पसरून पडलेले असत. घरातली सून तिच्यावरची धूळ रोज पुसायची, आयुष्यात कधी बसायची नाही. आणि काही माणसे तर खळ्यातच उभी राहायची. त्यांना बसा म्हणायची घराण्याची रीत नव्हती. जुन्या खुर्चीकडे नुसते कौतुकाने पाहणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवलेले बरे. नव्वदच्या दशकात प्लॅस्टिकची खुर्ची गावोगाव आली, तेव्हा आम्ही लेखक मंडळींनी नाके मुरडली. पण तिला गंज नाही, वाळवी नाही, पावसात राहिली तरी बिघडत नाही आणि सप्ताहात, लग्नात, दहीकाल्यात ती कुणालाही मिळते. मी आता तिच्याविरुद्ध बोलायचे सोडून दिले आहे.

या जुन्या खुर्च्या आज घराबाहेर पडताहेत, त्याची कारणे साधी आहेत. घराचे वाटेकरी सात, त्यातले सहा मुंबईत. सातबारावर सगळ्यांची नावे असतात. माळ्यावरच्या खुर्चीवर कुणाचेच नाव नसते. त्यामुळे कौले काढायची वेळ आली, की दारात टेंपो उभा राहतो आणि वजनावर सामान जाते. पत्रादेवीचा नाका ओलांडला, की तीच खुर्ची गोव्यात पॉलिश होऊन उभी असते. तारकर्ली-देवबागकडे आता घरोघर पाहुण्यांच्या खोल्या झाल्या आहेत. तिथल्या एका मालकाने गोव्यातून चार खुर्च्या मोठ्या हौसेने आणल्या. त्या बहुधा आपल्याच बाजूच्या निघाल्या असत्या, पण मी बोललो नाही. हौसेवर पाणी कशाला टाका?

मुंबईत चोरबाजारात, मटण स्ट्रीटवर दोन दिवस घातले. इराण्यांची हॉटेले एकेक करून बंद झाली, तशा त्यांच्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या तिथे आल्या. त्या खुर्चीचे मूळ व्हिएन्नाचे. थोनेट कंपनीने १८५९ साली वाफेवर लाकूड वाकवून ती केली: सहा तुकडे, दहा स्क्रू, दोन नट. सुटी करून छत्तीस खुर्च्या एका घनमीटरच्या खोक्यात बसायच्या. म्हणूनच ती जहाजाने जगभर गेली आणि आमच्या गिरगाव-लालबागच्या चाकरमान्यांनी तिच्यावर बसून ब्रुन मस्का खाल्ला. पण चोरबाजारातली प्रत्येक जुनी खुर्ची जुनी नसते. आता जुन्या वळणाच्या नव्या खुर्च्याही पोत्याने येतात.

ओळखायचे कसे, ते एका म्हाताऱ्या सुताराने मला शिकवले. खुर्चीवर आधी बसायचे नाही. आधी ती उलटी करायची. समोरचा देखावा कुणीही करतो, खालची बाजू खोटे बोलत नाही. खाली हाताच्या रंध्याचे चढउतार बोटांना लागले पाहिजेत. स्क्रूच्या डोक्यावर एकच खाच हवी; अधिकच्या चिन्हासारखी फुली असेल, तर तो स्क्रू अलीकडचा. पुढच्या दोन पायांना जोडणारी आडवी दांडी वरून झिजलेली असली पाहिजे, कारण बसणारा तिच्यावर पाय ठेवतो. ती सगळीकडून सारखी झिजलेली असेल, तर झिज यंत्राची. हाताने विणलेला वेत चौकटीला पाडलेल्या भोकांतून ओवलेला असतो; तयार जाळी असेल, तर ती खाचेत दाबून वरून पट्टी बसवलेली दिसते. पायाशी पिठासारखा भुसा पडत असेल, तर भुंगा आत जिवंत आहे. ती खुर्ची फुकट मिळाली तरी घरात आणू नये. ती तुमचे वासेही खाईल.

एवढे शिकून मसुऱ्याला एका घरी गेलो. ओळखीतून कळले होते, की खुर्च्या काढायच्या आहेत. घरात ऐंशीच्या घरातल्या काकी आणि त्यांचा मुलगा. माळ्यावरून चार सागवानी खुर्च्या खाली आल्या. वेत फाटलेला, पण लाकूड टणटणीत. उलटी केली. रंध्याच्या खुणा, एक खाचेचे स्क्रू, झिजलेली दांडी, सगळे जागच्या जागी. मुलगा म्हणाला, ‘काका, तीनशान देतंय. घेवन जावा.’

तशीच खुर्ची मटण स्ट्रीटवर मला साडेसात हजारांना सांगितली होती.

बँकेतली चौतीस वर्षे मी दुसऱ्याच्या मालाची किंमत करण्यात घालवली. तारण ठेवायला आलेल्या बाईला तिच्या बांगडीचे वजन सांगण्याआधी आम्ही काटा तिच्याकडे वळवून दाखवायचो. तो नियम होता. मग इथे काटा माझ्याकडेच वळवून ठेवायचा? मी कागद मागितला आणि मुलासमोर मांडले. मुंबईचा भाव ७५००. त्यातला निम्मा दुकानाचा, भाड्याचा, अडकलेल्या पैशाचा, राहिले ३७५०. वेत आणि पॉलिशला १५००. राहिले २२५०. इथून मुंबईला न्यायचे २५०. म्हणजे आज, या पडवीत, फाटक्या वेतासह तिची किंमत दोन हजार. तेवढे द्यायला मी तयार आहे. मुलगा माझ्याकडे असा बघत राहिला, की याचा काही वेगळा डाव असावा. सौभाग्यवती परतीच्या वाटेवर म्हणाल्या, ‘भाव वाढवून घेणारे गिऱ्हाईक मी पहिल्यांदा बघितले.’ खिसा चारऐवजी दोनच खुर्च्या घेण्याइतका होता, तेव्हा त्यांचे म्हणणे अगदीच चूक नव्हते.

कागद मात्र मुलाने ठेवून घेतला. निघताना त्याची नजर पडवीच्या कोपऱ्याकडे गेली. तिथे लांब हातांची आरामखुर्ची होती, त्याच्या आजोबांची. ‘हिचे किती होतीत?’ त्याने विचारले. मी वाकून बघायला गेलो, तेवढ्यात आतापर्यंत न बोललेल्या काकी म्हणाल्या, ‘ती विकूची नाय. तेच्यार मी बसतंय.’ आणि खरोखरच येऊन बसल्या. लांब हातांवर त्यांचे कोपर नीटसे पोचत नव्हते, पाय जमिनीला टेकत नव्हते. मी तिची किंमत सांगितली नाही.

दोन खुर्च्या घरी आल्या. आता वेत विणणारा हवा. पूर्वी अंधशाळांतून हे काम शिकवत आणि कचेऱ्यांच्या खुर्च्या अंध कारागीर बोटांच्या अंदाजाने विणत. आमच्या शाखेतही एक गृहस्थ दर दोन वर्षांनी येत. त्यांच्या मजुरीची रक्कम मला अजून आठवते, नाव आठवत नाही. सावंतवाडीला चितारआळीत चौकशी केली, कुडाळला केली. एकाने पावसाळ्यानंतर येतो म्हटले आहे. तोवर खुर्च्यांवर फळी टाकली आहे. त्या आल्या त्या दिवशीच मी दोन्ही उलट्या करून पाठी तपासल्या. पांढऱ्या रंगाचा क्रमांक नव्हता.